अ‍ॅक्रिलिकच्या चित्राला जुनेपण द्यायचं, तर भेगा कशाला?

रंगपेटी
आजीचं व्यक्तिचित्र अ‍ॅक्रिलिकमध्ये नुकतंच पुरं केलं. घरच्यांना ते जुन्या युरोपीय तैलचित्रांसारखं दिसायला हवंय. मामा म्हणतात, वरून क्रॅकल मीडियम लाव, भेगा पडू देत, त्यांत तपकिरी रंग चोळ. मला हे अजिबात पटत नाही.

भेगा आणि पिवळं वार्निश हे चित्राचं वय झालं, चित्रकाराची करामत नव्हे. डच चित्रकार रेम्ब्रांटने १६४२ मध्ये नगररक्षकांचं भलंमोठं चित्र रंगवलं. पुढे त्यावरचं वार्निश काळवंडलं आणि लोक त्याला 'नाइट वॉच', म्हणजे रात्रीचा पहारा, म्हणू लागले. १९४०च्या दशकात ते वार्निश काढलं, तेव्हा प्रसंग दिवसाउजेडीचा असल्याचं उघड झालं. त्या काळोखाची नक्कल करून रेम्ब्रांट हाती लागत नाही.

मी जुनेपण खालून आणलं. आधी कॅनव्हासभर रॉ अंबरचा, म्हणजे मातकट तपकिरी रंगाचा, पातळ हात. मग पांढरा आणि अंबर एवढ्यावरच सगळा छाया-प्रकाश. तो वाळल्यावर ग्लेझिंग मीडियममध्ये (रंग पातळ, पारदर्शक करणारा द्रव) किंचित रंग मिसळून पारदर्शक थर, एकावर एक. आजीच्या गालांवर असे सात थर आहेत. सावल्या पातळच ठेवल्या, कपाळावरच्या उजेडाला तेवढा जाड रंग. तैलरंगात एकेका थरासाठी दिवसचे दिवस थांबावं लागतं, इथे अर्ध्या तासात पुढचा थर चढतो.

गेरू
असहमत. वार्निशच्या उबदार छटेला नुसता मळ म्हणणं एकांगी आहे. लंडनच्या नॅशनल गॅलरीने दुसऱ्या महायुद्धाच्या काळात चित्रं साफ केली आणि १९४७ मध्ये त्यांचं प्रदर्शन भरवलं, तेव्हा केवढा वाद झाला! चित्रांचा तोल गेला असं म्हणणारे जाणकार होतेच. त्याही आधी, रोमन लेखक प्लिनी सांगतो की ग्रीक चित्रकार अपेलीस चित्र संपल्यावर त्यावर काळसर पातळ लेप द्यायचा, भडक रंग निवावेत म्हणून.

आमच्या वाड्यात पणजोबांचं तैलचित्र आहे. समईच्या काजळीनं आणि वार्निशनं ते मधासारखं झालंय. कुणी उद्या ते घासून लख्ख केलं तर मला पणजोबा परके वाटतील. तुमच्या मामांना तीच माया हवी असेल, तर ती द्यायला काय हरकत आहे?

जवसतेल
माया समजू शकतो, पण भेगांचं तंत्र बघा. तैलरंगातलं जवसाचं तेल वर्षानुवर्षं कडक होत जातं. दमटपणा बदलला की कॅनव्हास ताणतो, सैलावतो, आणि वरचा ठिसूळ थर तडकतो. म्हणून अस्सल भेगा कोपऱ्यांत तिरक्या जातात, चौकटीच्या पट्टीलगत सरळ. अ‍ॅक्रिलिक लवचीक राहतं, ते असं तडकत नाही. क्रॅकलच्या भेगा आटलेल्या तळ्याच्या चिखलासारख्या दिसतात, आणि जाणत्या डोळ्याला ते लगेच कळतं. जाड क्रॅकल पेस्ट कॅनव्हासवर तर लावूच नका, पापुद्रे सुटतील. हौसच असेल तर लाकडी बोर्ड घ्या.

चहा-कॉफीचे हात देऊन कॅनव्हास पिवळा करणारेही भेटतात. तो रंग उजेडात टिकत नाही.

कोरा कागद
मला तर यात फसवणूक दिसते. हान व्हान मेगेरेन या डच नकलाकाराने बेकलाइटसारखं (एक जुनं, कडक प्लास्टिक) रसायन रंगात घालून चित्रं भट्टीत भाजली, गुंडाळून भेगा पाडल्या, त्यांत शाई भरली आणि सतराव्या शतकातला डच चित्रकार व्हर्मीर याची म्हणून विकली. १९३०च्या दशकाअखेर त्यातलं एक रॉटरडॅमच्या बॉयमन्स संग्रहालयासाठी विकत घेतलं गेलं. सवय लागते या वाटेची.

गेरू
आजीचं चित्र दिवाणखान्यात लावणाऱ्या माणसाला मेगेरेनच्या रांगेत बसवू नका! त्याने खोटी सही केली, पैसे घेतले. इथे चित्राच्या पाठीमागे नाव, साल आणि 'अ‍ॅक्रिलिक' असं स्वच्छ लिहा, कुणाची फसवणूक होत नाही.

रंगपेटी
पाठीमागे लिहिण्याचं मान्य, आजच लिहिते. अपेलीसचा मुद्दाही मान्य, फक्त तो लेप त्याने स्वतः, चित्र पुरं करताना दिला होता. ती निवड त्याची होती. समईच्या काजळीने कुणाला विचारलं नव्हतं.

तरी तुमच्या पणजोबांमुळे माझा हेका थोडा सैल झाला. भेगा नाहीत म्हणजे नाहीत. पण आता चित्रावर आधी पारदर्शक मीडियमचा संरक्षक थर देते, आणि तो नीट वाळला की वर टर्पेंटाइनने उतरवता येईल असं वार्निश, त्यात अगदी नखभर बर्न्ट अंबर, म्हणजे गडद, उबदार तपकिरी. मामांना ती मधाळ छटा मिळेल. पुढे नातवंडांपैकी कुणाला आजीचा खरा रंग पाहावासा वाटला, तर तेवढा थर उतरवता येईल, खालच्या सात थरांना धक्का न लागता.

जवसतेल
अंबर घालण्याआधी एका जुन्या कॅनव्हासच्या तुकड्यावर करून बघा. वार्निशमध्ये रंग गेला की कुंचल्याचे फराटे उठतात. रुंद, मऊ कुंचला घ्या आणि चित्र आडवं ठेवून लावा.