नोकरी सोडताना कंपनी तुमच्याशी कशी वागली?

मोरपंखी
भाचीने गेल्या आठवड्यात राजीनामा दिला. तोवर 'आपली टीम म्हणजे एक कुटुंब' म्हणणाऱ्या मॅनेजरने दुसऱ्या दिवसापासून तिच्याशी बोलणंच टाकलं. मीटिंगांमधून नाव काढलं. ताप आला म्हणून दोन दिवस घरी राहिली तर रजा शिल्लक असूनही बिनपगारी धरली. रडवेली होऊन विचारत होती, "मावशी, मी काय गुन्हा केलाय का गं?"

तिच्याशी बोलताना मला माझे पहिले शेठ आठवले. छोटा कारखाना, पंधरा-वीस माणसं, मी हजेरी आणि आवक-जावक बघायचे. लग्न ठरलं, गाव बदलणार होतं, म्हणून राजीनामा दिला. शेठनी समोर बसवून एका पाठकोऱ्या चलनावर आकडे मांडले. शेवटचा मूळ पगार अधिक महागाई भत्ता, भागिले २६, गुणिले १५, गुणिले नोकरीची वर्षं. म्हणाले, "ही ग्रॅच्युइटी. १९७२ चा कायदा आहे. दहा माणसं कामाला असली की द्यावीच लागते. तू मागितली नाहीस म्हणून राहून गेली, असं माझ्याकडे होणार नाही." चेक देताना म्हणाले, "मी देतोय असं समजू नकोस, तुझेच आहेत."

पुढच्या मोठ्या कंपनीतून निघाले तेव्हा एका टेबलावर आयकार्ड जमा, दुसऱ्यावर लॅपटॉप. रोज सोबत डबा खाणारे साहेब त्या दिवशी केबिनबाहेर आले नाहीत. नंतर फुल अँड फायनलसाठी (म्हणजे शेवटच्या हिशेबाच्या पैशांसाठी) मेलवर मेल.

माणूस रुजू होताना सगळेच गोड बोलतात. मालक कसा आहे ते माणूस निघताना कळतं, असं माझं ठाम मत झालंय. तुमचे अनुभव लिहा. मालक किंवा मॅनेजर असाल तर तुमचेही, तीही बाजू हवीये.

अबोली२
चांगला धागा. मुलीला क्लासला सोडून येते मग लिहिते. भाचीला म्हणावं सगळं मेलवर घे, तोंडी काही नको.

कागदी_होडी
मी एचआरमध्ये आहे. शिव्या खायची सवय आहे पण एक सांगते. फुल अँड फायनल अडतं ते बऱ्याचदा एका सहीपायी. स्टोअर्स, आयटी, अ‍ॅडमिन, अकाउंट्स, सगळ्यांचं 'नो ड्यूज' (काही देणं बाकी नाही अशी सही) आल्याशिवाय पेरोल फाइल उघडत नाही, आणि निघालेल्या माणसासाठी सही करायची घाई कुणालाच नसते. आमच्याकडच्या एका जुन्या ऑपरेटरची फाइल स्टोअर्समध्ये एका सेफ्टी बुटांच्या जोडीसाठी अडकली होती. बूट फाटले म्हणून त्यांनी ते कधीच परत केले होते, पण नोंद नव्हती. शेवटी मी त्यांना घेऊन टेबलाटेबलावर फिरले, संध्याकाळपर्यंत सगळ्या सह्या झाल्या. ते जाताना म्हणाले, "मॅडम, इतक्या वर्षांत एचआरमधलं कुणी माझ्यासोबत शॉपफ्लोअरवर चाललेलं पहिल्यांदाच बघितलं." मला अजून ते लागून राहिलंय.

आता २१ नोव्हेंबर २०२५ पासून नवीन कामगार संहिता लागू झाल्या आहेत. राजीनामा असो की कामावरून काढलेलं असो, राहिलेला पगार दोन कामकाजाच्या दिवसांत द्यायचा. महिना-दीड महिना लावायची सवय लागलेल्यांना बदलावं लागेल, आणि बदलायलाच हवं.

नवा_भिडू
@कागदी_होडी ग्रॅच्युइटी पण दोन दिवसात का? माझे चार वर्षं दहा महिने झालेत, सोडू का थांबू 😬

कागदी_होडी
नाही, तिला ३० दिवस. आणि थांब रे बाबा, ग्रॅच्युइटीला पाच वर्षं लागतात! पाचव्या वर्षात २४० दिवस भरले की वर्ष पूर्ण धरायचं असा मद्रास हायकोर्टाचा निकाल आहे, पण सगळ्या कंपन्या तो मानत नाहीत. दोन महिन्यांसाठी भांडण कशाला ओढवून घेतोस.

नवा_भिडू
थांबतो. बॉसचं तोंड अजून दोन महिने बघायचं 😭

अबोली२
तुला बळ मिळो 😄

दुसरी_पाळी
आमच्या दादांना (वडिलांना) कुणी निरोपच दिला नाही. परळच्या एका गिरणीत बदली कामगार होते. रोज सकाळी गेटवर जाऊन उभं राहायचं, कायमवाला कुणी गैरहजर असेल तर आत घेणार, नाहीतर घरी. अशी कित्येक वर्षं काढली. कायम व्हायची वेळ आली असं वाटत होतं आणि १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला. डॉ. दत्ता सामंतांच्या मागे अडीच लाखांच्या आसपास कामगार उतरले. मागण्यांत बदली कामगारांना कायम करा हीसुद्धा होती, त्यामुळे दादा जीव तोडून संपात होते.

संप संपला असं कुणी कधी जाहीर केलंच नाही. लोक हळूहळू गावी गेले, काही परत कामावर घेतले गेले, दादांना नाही घेतलं. ना पत्र, ना हिशेब. आई सांगते, पुढे बरेच महिने ते पहाटे उठून अंघोळ करून तयार बसायचे. पत्र्याच्या पेटीत त्यांचं तिकीट (नंबराचा बिल्ला) आहे. मी आता स्वतः सुपरवायझर आहे. कुणाला कामावर घेणार नसेन तर तोंडावर सांगतो, ताटकळत ठेवत नाही.

मोरपंखी
दादांना नमस्कार सांगा.

दुसरी_पाळी
दादा गेले हो ताई. पण तुम्ही लिहिलंत, बरं वाटलं.

टाचणी
आमचेही आजोबा गिरणीत, साचाखात्यात (विणकामाच्या मागांवर). चाळीत दर दोन घरांआड हीच गोष्ट. खाणावळीवाल्या बायकांची उधारी बुडाली ती वेगळीच, त्यांचं कुणी लिहीत नाही. त्यावर वेगळा धागा काढा कुणीतरी.

अबोली२
आले. माझं नोकरी सोडण्याचं नाही, सोडायला लावण्याचं आहे. बाळंतपणाच्या रजेला निघाले तेव्हा मॅनेजर म्हणाला, "परत येणार ना नक्की? नाहीतर आत्ताच सांग, मला माणूस घ्यायला बरं." परत आले तर माझं काम दुसऱ्याकडे, मला जुन्या फाइल्स स्कॅन करायला बसवलं. रेटिंग खाली, कारण 'वर्षात उपलब्धता कमी'. तेव्हा १९६१ चा मातृत्व लाभ कायदा होता, २०१७ मध्ये रजा १२ आठवड्यांची २६ झाली, त्या काळात काढून टाकता येत नाही, रजेमुळे सेवाशर्ती खालावता येत नाहीत. ते मी लेखी दिलं, कलमासकट. आठवड्यात काम परत मिळालं. रेटिंग नाही मिळालं. पन्नास किंवा जास्त माणसं असली की पाळणाघर हवं, तेही मागितलं, तर म्हणे जागा नाही. गेम रूमला होती जागा.

टाचणी
गेम रूम 😡

शाईपट्टी
मालकाची बाजू मागितलीत म्हणून लिहितो. माझा छोटा छापखाना, सहा माणसं. डिसेंबर म्हणजे डायऱ्या-कॅलेंडरांचा हंगाम, रात्रीसुद्धा मशीन बंद नसतं. माझा मुख्य मशीनमन नेमका तेव्हाच न सांगता दुसरीकडे गेला. त्याच्या आईच्या ऑपरेशनला मी पैसे दिले होते, मुलाच्या अ‍ॅडमिशनला शाळेत गेलो होतो. फोनसुद्धा उचलेना. ऑर्डर वेळेत गेल्या नाहीत, एक जुनं गिऱ्हाईक कायमचं तुटलं. पगार चुकवला असता तर समजलो असतो. लहान धंद्यात माणूस जातो तेव्हा अर्धा धंदा घेऊन जातो हो.

दुसरी_पाळी
वाईट वाटलं काका. पण त्याच्या जागी विचार करा, ज्यांनी आईचं ऑपरेशन केलं त्यांना 'जास्त पगार मिळतोय, जातो' हे तोंडावर कसं सांगणार? बहुतेक म्हणूनच फोन उचलला नसेल.

शाईपट्टी
असेल तसंही. या बाजूने बघितलं नव्हतं. आता दोघांना तयार केलंय मशीनवर.

गेट_नं_३
जेवणाच्या सुट्टीत लिहितोय. मी कंत्राटी. मशीन तेच, गेट तेच, साहेब तेच, दर दोन वर्षांनी कंत्राटदार बदलतो आणि आमची नोकरी नव्याने सुरू. नवीन अर्ज, नवीन फोटो, नवीन पीएफ. पाच वर्षं कधी भरतच नाहीत. मागचा कंत्राटदार दोन महिन्यांचा पगार ठेवून गेला. नवीन कायद्यात एका वर्षात ग्रॅच्युइटी म्हणतात ते आम्हाला पण का?

कागदी_होडी
ते ठरावीक मुदतीसाठी थेट कंपनीने नेमलेल्यांना, कंत्राटदारामार्फत आलेल्यांना तसं लागू नाही. पण पगाराचं वेगळं. कंत्राटदाराने थकवला तर मूळ कंपनीने द्यायचा, हे १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्यापासून आहे, नव्या संहितेतही आहे. जुने गेट पास, हजेरीचे फोटो, बँकेच्या नोंदी जमवा आणि चार-पाच जणांनी मिळून कामगार आयुक्त कार्यालयात लेखी अर्ज द्या. एकट्याने जाऊ नका. अर्जाच्या प्रतीवर पोच घ्या.

गेट_नं_३
आम्ही अकरा जण आहोत. गेट पास बऱ्याच जणांनी जपून ठेवलेत. आणि जुना पीएफ निघेना, नोकरी सोडल्याची तारीखच टाकली नाही त्याने.

टाचणी
ती तारीख स्वतः टाकता येते! शेवटच्या पीएफ भरण्यानंतर दोन महिने झाले की पीएफच्या साइटवर यूएएनने (तुमच्या पीएफ नंबराने) लॉगिन करा, 'मॅनेज'मध्ये 'मार्क एक्झिट'. आधार आणि मोबाइल जोडलेला पाहिजे, ओटीपी येतो. भावाचं असंच केलं.

गेट_नं_३
मोबाइल नंबर जुना आहे तिथे

टाचणी
मग आधी तो बदला. व्यनि (खाजगी निरोप) करा, संध्याकाळी फोनवर सांगते एकेक पायरी.