समुद्र शिकवायचा तर किनारा झाडणं पुरे का?

काठावरची_बाई
पालघर जिल्ह्यात नववी-दहावीला विज्ञान शिकवते. सप्टेंबरचा तिसरा शनिवार आला की शाळेत किनारा स्वच्छता ठरलेली. सारखे टी-शर्ट, हातमोजे, दोन तास बाटल्या वेचायच्या, बॅनर धरून फोटो. यंदा भरलेल्या गोण्यांत आमच्याच पोरांनी प्यालेल्या पाण्याच्या बाटल्या सापडल्या. मी म्हणते, हे बंद करा. मुलांना पहाटे बंदरावर न्या आणि हातात पट्टी द्या.

राज्याने २०२३ मध्ये ५४ जातींसाठी किमान लांबी ठरवली, त्याहून लहान मासा धरायचा नाही. पापलेट त्याच वर्षी राज्यमासा झाला. मी दहा जणांना घेऊन गेले. एका टोपलीत तळहातावर मावतील अशी पापलेटं होती. एक मुलगी हळूच म्हणाली, "बाई, आमच्याकडे रविवारी हीच तळतात." नंतर बराच वेळ कुणी बोललं नाही. एवढं लक्ष माझ्या कुठल्याच तासाला मिळालेलं नाही.

डोलवाला
बाई, टोपलीपाशी पट्टी घेऊन उभं राहणं सोपं आहे. डोल जाळं, म्हणजे भरती-ओहोटीच्या ओढीत बांधून ठेवायची जाळ्याची लांब पिशवी, मी बोंबलासाठी लावतो. ओढीबरोबर पापलेटाचं पिल्लू आपसूक आत येतं, वर काढेपर्यंत मेलेलं असतं. आता ते मोजून परत टाकलं तर वाचलं कोण? पर्ससीनवर, म्हणजे अख्ख्या थव्याला वेढा घालणाऱ्या मोठ्या जाळ्यांवर, २०१६ पासून निर्बंध, एलईडी दिव्यांनी मासे ओढून मासेमारीला २०१७ पासून बंदी, आणि रात्री काठावरून बघा, समुद्रात लग्नाचा मांडव वाटावा असा उजेड! तिकडे न्या तुमची पट्टी. १ जून ते ३१ जुलै पावसाळी बंदीत आम्ही होडी वर ओढून उसनवारीवर घर चालवतो. माझ्या पोराला शाळेत बापाला चोर म्हणायला शिकवणार असाल तर तो घरीच बरा.

सदाशिवपेठी
डोलवाल्यांशी सहमत, पण वेगळ्या कारणाने. चौदा-पंधरा वर्षांच्या मुलांच्या डोक्यावर जगाचं ओझं का? माझी मुलगी अशाच एका मोहिमेहून आली आणि तिने घरातले सगळे डबे तपासले. हे काय कमी आहे? टी-शर्टची थट्टा करू नका, हाताला घाण लागल्याशिवाय कळत नाही.

काठावरची_बाई
डबे तपासले हे चांगलंच. पुढच्या आठवड्यात पापलेट घेताना तिने आकार बघितला का?

सदाशिवपेठी
आम्ही शाकाहारी आहोत हो.

पंचगंगाकाठ
:) तुम्ही सगळे किनाऱ्यावरचेच बोलताय. कोल्हापुरातल्या मुलाला समुद्र म्हणजे सहलीचा रत्नागिरी-मालवण. त्याने पंचगंगेत टाकलेली पिशवी तिकडे जातच नाही. नरसोबाच्या वाडीला कृष्णेत, तिथून कर्नाटक, तेलंगण करत आंध्रात, बंगालच्या उपसागरात. नाशिकच्या गोदावरीचंही तेच. अर्ध्याहून जास्त महाराष्ट्राचं पाणी पूर्वेला जातं, आणि आम्ही वर्गात अरबी समुद्राची चित्रं रंगवतो.

मी वर्गात एका कासविणीची गोष्ट सांगतो. २०२१ मध्ये ओडिशाच्या गहिरमाथ्याला तिच्या परावर टॅग लावला होता. जानेवारी २०२५ मध्ये ती गुहागरला अंडी घालायला आली! भारताला वळसा घालून. नकाशावर मुलांनीच बोटाने वाट काढली, मग दोन समुद्र वेगळे शिकवावे लागले नाहीत.

भरतीओहोटी
कासवं म्हटलं की सगळे खूश. रत्नागिरी जिल्ह्यातल्या वेळासला २००२ पासून कासवांची घरटी राखली जातात, गावातल्या घरांत पाहुणे उतरतात, चार पैसे मिळतात. 'शाश्वत विकास' या शब्दाचा अर्थ तिथे शेंबड्या पोरालाही कळेल. पण त्याच शब्दाची दुसरी बाजू शिकवायची हिंमत आहे का? डहाणूजवळ होऊ घातलेलं वाढवणचं मोठं बंदर घ्या. १९९८ मध्ये डहाणूच्या पर्यावरण प्राधिकरणाने नाकारलं, २०२३ मध्ये मंजूर केलं, ३० ऑगस्ट २०२४ ला भूमिपूजन झालं. खर्च ७६ हजार कोटींच्या वर. बाई, तुमच्याच जिल्ह्यात आहे. मुलाने विचारलं "हे शाश्वत आहे का?", तर काय सांगता?

सदाशिवपेठी
हे राजकारण शाळेत नको.

भरतीओहोटी
बाटली वेचणं पर्यावरण आणि बंदर मात्र राजकारण? मग मुलं हेच शिकणार, की प्रश्न फक्त बाटल्यांपुरतेच विचारायचे.

काठावरची_बाई
विचारलं होतं एकाने. त्याचा मामा बंदराच्या विरोधात मोर्च्याला जातो, काका तिथल्या नोकरीची वाट बघतोय. मी "पुढच्या तासाला बघू" म्हणाले आणि तो तास घेतलाच नाही. भ्याले, खोटं कशाला बोलू. आता दोन्ही बाजूंनी मुलांनीच कागदावर मांडणी करावी असं मनात आहे. मुख्याध्यापक काय म्हणतील ते बघू.

डोलवाले दादा, तुमचं एक पटलं. मेलेलं पिल्लू मोजून काही होत नाही. पण मग जाळ्याची आस, म्हणजे भोकं, किती मोठी ठेवायची, पिल्लं कुठल्या महिन्यात काठाजवळ असतात, तेव्हा जाळं कुठे लावायचं नाही, हे मला पुस्तकातून सांगता येणार नाही. तुम्ही वर्गावर याल का? पर्ससीनचंही बोला, मी अडवणार नाही.

डोलवाला
आस मोठी केली तर बोंबील निसटतो, हे पण सांगेन. चालेल ना?

काठावरची_बाई
तेच सांगा.

डोलवाला
उधाणात जमणार नाही, ओढ जोरात असते तेव्हाच चार पैसे मिळतात. भांगाला, म्हणजे ओढ मंदावली की, येतो. जाळ्याचा तुकडा आणतो, पोरांनी पट्टी आणावी.