सगळी जमीन फेडरल सरकारचीच, मग खाती चार कशाला?

वाटसरू_८८: अमेरिकेतल्या युटा राज्याच्या ट्रिपचं प्लॅनिंग चाललंय, सोबत कुत्रा आहे. नकाशावर झायन नॅशनल पार्कच्या आजूबाजूला जांभळा, हिरवा, पिवळा असे तुकडे दिसतात आणि प्रत्येकाचे नियम वेगळे, पिवळ्यात म्हणे कुठेही तंबू टाका फुकट आणि जांभळ्यात परमिटशिवाय नाही. एकच खातं का नाही करत?

नकाशेवाला: जांभळं नॅशनल पार्क सर्व्हिस, हिरवं फॉरेस्ट सर्व्हिस, पिवळं ब्युरो ऑफ लँड मॅनेजमेंट म्हणजे बीएलएम. प्रत्येकाला कायद्याने काम वेगळं दिलंय. पार्क सर्व्हिसला 1916 च्या कायद्याने सांगितलं की लोकांना बघू द्या पण पुढच्या पिढ्यांसाठी जागा जशीच्या तशी राखा, म्हणून तिथे कडक. फॉरेस्ट सर्व्हिस 1905 ची आणि ती शेती खात्यात आहे, बाकीची इंटिरिअर म्हणजे अंतर्गत खात्यात, कारण मुळात विचार लाकूड आणि पाण्याचा होता. बीएलएम 1946 मध्ये जमिनी वाटणारं जुनं ऑफिस आणि चराईचं खातं जोडून बनलं, कोणी न घेतलेली उरलेली जमीन त्यांच्याकडे, तरी आज सगळ्यात जास्त तीच, जवळपास 24.5 कोटी एकर. 1976 च्या कायद्याने ती विकत सुटायचं थांबलं. तिथे गुरं चरतात, खाणी आहेत, तेल काढतात आणि तंबूही लागतात.

रानवाट: चौथं राहिलं, फिश अँड वाइल्डलाइफ सर्व्हिस. त्यांच्या रेफ्यूजमध्ये म्हणजे अभयारण्यांत आधी प्राणी-पक्षी, मग माणूस, म्हणजे मुळात सगळं बंद आणि चालण्यासारखं असेल तेवढंच उघडतात. पहिलं 1903 मध्ये फ्लोरिडात झालं, पेलिकन आयलंड. एकच खातं केलं तर पहिला बळी हाच नियम जाईल असं मला मनापासून वाटतं, पैसा लाकूड आणि तेलात आहे ना, पक्ष्यांत नाही.

वाटसरू_८८: पटलं. पण मग हद्दीवर वणवा लागला तर?

नकाशेवाला: त्यासाठी आयडाहो राज्यातल्या बॉयसी शहरात सगळ्यांचं मिळून एक केंद्र आहे, माणसं आणि विमानं तिथून हलतात.

रानवाट: आणि कुत्र्याचं बघ, झायनमध्ये त्याला ट्रेल एकच, पारुस. लांब चालायचं तर बीएलएम किंवा फॉरेस्टमध्ये ने. तंबू साधारण 14 दिवस चालतो पण काही ठिकाणी कमी असतं म्हणून आधी त्या भागाच्या ऑफिसला फोन कर, शेकोटीवर बंदी आहे का तेही तेव्हाच विचार.