हरल्यावर खुर्ची सोडताना... तुम्ही काय पाहिलंय?

माहुलीकर: आमच्या विकास सोसायटीचे हरलेले चेअरमन परवा नव्या चेअरमनला स्वतःच्या हातानं फेटा बांधायला आले आणि बाबांना एकदम वाजपेयी आठवले. १३ मे २००४. पोवई नाक्याजवळ बाबांचं झेरॉक्सचं दुकान होतं. निवडणूक मुदतीआधी घेतलेली, जिकडं तिकडं 'इंडिया शायनिंग', आणि निकाल काय तर काँग्रेस १४५, भाजप १३८. वाजपेयी राष्ट्रपती कलामांकडं राजीनामा देऊन आले आणि टीव्हीवर बोलले. आम्ही हरलो, पण देश जिंकला, अशा अर्थाचं. बाबा पक्के आघाडीवाले, गुलालाची पिशवी घेऊन निघालेले. भाषण संपेपर्यंत दारातच उभे. "हरावं तर असं," म्हणाले, आणि मग गेले गुलाल उधळायला.

तुमचे अनुभव लिहा. दिल्लीचे, गल्लीचे, कुठलेही.

खणभाग_सांगली: १९९९ विसरू नका. १७ एप्रिलला २६९ विरुद्ध २७०, एका मतानं सरकार पडलं. पण तेव्हा ते काळजीवाहू म्हणून राहिले, त्यातच कारगिल झालं आणि ऑक्टोबरमध्ये परत तेच. म्हणजे खुर्ची खरी सुटली ती २००४ लाच.

कृष्णाकाठ: मी कराडचा, १९७७ ला सातवीत. आमचे आण्णा रेडिओला कान लावून. इंदिराबाई रायबरेलीत राजनारायणांकडून पंचावन्न हजारांनी पडल्या, हे त्यांना दोनदा ऐकूनही खरं वाटेना. इकडं साताऱ्यातून यशवंतराव निवडून आलेले, त्यामुळं घरात निम्मा आनंद, निम्मं सुतक. आण्णांना एकच धास्ती, आता लष्कर बोलावतात की काय. काही झालं नाही. २२ मार्चला राजीनामा, २४ ला मोरारजींचा शपथविधी. आणि साहेब, परवापर्यंत परराष्ट्रमंत्री, ते लोकसभेत विरोधी पक्षनेते होऊन बसले. आणीबाणी लादणाऱ्या बाईंना दिलदार म्हणायला माझी जीभ रेटत नाही. पण सोडली, एवढं खरं.

तासगावची_लंडनात: ५ जुलै २०२४. रात्रपाळी करून घरी आले तर टीव्हीवर सुनक. दहा नंबरच्या दारात उभं राहून लोकांची माफी मागितली, स्टार्मर सज्जन माणूस आहे म्हणाले. मागं बायको छत्री धरून. तिथून राजाकडं राजीनामा द्यायला. मी झोपून उठेस्तोवर त्याच घरात दुसरा पंतप्रधान! इथं सामान हलवायलासुद्धा दिवस देत नाहीत. आईला फोनवर सांगितलं तर म्हणाली, "आणि भाडेकरूला आपण महिना देतो."

मिरजेकडची_सून: माझा अनुभव साधाच आहे. आत्या (सासूबाई) सरपंच होत्या. आदल्या कारभाऱ्यांनी जाताना कपाटाच्या चाव्याच दिल्या नव्हत्या. पंचनामा करून कुलूप तोडावं लागलेलं. ते त्यांच्या डोक्यात होतं. पाच वर्षांनी आत्या सत्तेचाळीस मतांनी पडल्या. दोन दिवस जेवल्या नाहीत, हलगी तर आमच्याच दारासमोर वाजवली. मामंजी म्हणाले, जायचं नाही चार्ज द्यायला, दप्तर ग्रामसेवकाकडं आहेच की.

आत्या गेल्या. नमुना आठचं रजिस्टर, कॅशबुक, शिक्का सगळं समोर मांडलं. मग नव्या सरपंच बाईंना घेऊन चालत टाकीवर गेल्या. वस्तीकडचा वॉल्व उन्हाळ्यात पूर्ण फिरवायचा नाही, फिरवला की गावठाणात पाणी चढत नाही. कुणाची विहीर मार्चमध्ये आटते, वायरमनला कधी फोन केला तर उचलतो, हे सगळं सांगितलं. ते कुठल्या रजिस्टरात असतंय?

घरी आल्यावर रडल्या मात्र खूप. एप्रिलमध्ये रात्री नऊला त्या बाईंचा फोन आला, पाणी चढेना. आत्यांनी पहिल्यांदा दोन शिव्या घातल्या (फोन ठेवल्यावर), मग चप्पल घातली.

खणभाग_सांगली: आमच्या अपार्टमेंटच्या माजी सेक्रेटरीनं अजून लेटरहेड दिलेलं नाही. तीन वर्षं झाली.

माहुलीकर: @मिरजेकडची_सून, बाबांना वाचून दाखवलं. विचारतायत, वॉल्व किती फिरवायचा?

मिरजेकडची_सून: दीड आटे. आत्यांना विचारून सांगितलं.