रेडिंगमधलं जुनं घर: कॉम्बी बॉयलर घ्यावा की हीट पंप?

ओसरी
घर इंग्लंडात रेडिंगला, १९३० च्या दशकातलं सेमी-डिटॅच्ड. तीन बेडरूम, लॉफ्टमध्ये इन्सुलेशन ठीकठाक, बाहेरच्या दुहेरी भिंतींतली पोकळी मात्र अजून रिकामीच. २००८ चा गॅस बॉयलर आचके देतोय आणि त्याचे सुटे भाग मिळत नाहीत असं सर्व्हिसवाला म्हणतो. दोन कोटेशनं आली आहेत. पहिलं ३५ किलोवॉटच्या कॉम्बीचं (म्हणजे पाणी न साठवता लागेल तेव्हा तापवून देणारा गॅस बॉयलर), ३,१०० पौंड. त्यात वरच्या कपाटातला गरम पाण्याचा सिलिंडर काढून टाकणार. दुसरं हवेतून उष्णता घेणाऱ्या हीट पंपाचं, १२,४०० पौंड. त्यातून सरकारी योजनेचे ७,५०० वजा झाले की ४,९००. हिवाळा तोंडावर आलाय आणि घरात दोन तट पडलेत. अनुभवी मंडळींनी बोला.

तिरफळ
कॉम्बी घ्या आणि मोकळे व्हा. गॅसच्या एका युनिटला (किलोवॉट-तासाला) साधारण सहा पेन्स पडतात, विजेच्या युनिटला पंचवीस-सव्वीस. चौपट महाग इंधन घ्यायचं आणि वर पर्यावरणाचं पुण्य मोजत बसायचं, हे आपल्याला परवडत नाही. १,८०० पौंडांचा फरक बँकेत ठेवा. शिवाय सिलिंडर गेला की ते कपाट मोकळं होतं, तिथे चार सुटकेसा मावतात.

खटपट्या
तिरफळ, अर्धाच हिशोब मांडलात. एक युनिट वीज घेऊन पंप तीन ते साडेतीन युनिट उष्णता देतो, कारण तो उष्णता तयार करत नाही, बाहेरच्या हवेतली उपसून आत आणतो. घराला वर्षाला १२,००० युनिट गॅस लागतो असं धरू. तो जाळून हाती लागते साडेदहा हजार युनिट उष्णता. गॅसचे झाले ७२० पौंड. तेवढीच उष्णता साडेतीनच्या हिशोबाने पंपाकडून घेतली तर वीज ३,००० युनिट, म्हणजे २६ पेन्सने ७८० पौंड. गॅसचं कनेक्शनच बंद केलं तर त्याचा रोजचा स्थिर आकार वाचतो, तेही वर्षाचे शंभरच्या वर जातात. म्हणजे बरोबरी झाली.

तिरफळ
आणि साडेतीन मिळालेच नाहीत तर? २.८ मिळाले तर ३,७५० युनिट, ९८० पौंड. माझ्या शेजाऱ्याकडे नेमकं हेच झालं. पंप बसवणाऱ्याने रेडिएटर जुनेच ठेवले, मग घर गरम होईना म्हणून पाण्याचं तापमान ६० वर चढवून ठेवलं. आता बिल आलं की तो पंपाकडे रागाने बघतो. हातचं सोडून पळत्याच्या पाठी लागू नका.

खटपट्या
हे तुमचं शंभर टक्के मान्य, कारण खरी मेख तिथेच आहे. पंप घ्या नाहीतर बॉयलर, रेडिएटरमध्ये किती अंशाचं पाणी फिरवून तुमचं घर उबदार राहतं हे आधी ठरवायला हवं. पंपाला ४५ अंश मानवतं, साठच्या पुढे तो वीज खायला लागतो. आत प्रोपेन वायू फिरवणाऱ्या नव्या पंपांतून सत्तरचंही पाणी निघतं, पण निघतं म्हणून काढायचं नसतं.

कंडेन्सिंग बॉयलरचंही तसंच आहे. परतीचं पाणी ५५ अंशांच्या खाली आलं तरच धुरातल्या वाफेचं पाणी होतं आणि तिची उष्णता आपल्याला मिळते. कित्येक घरांत बॉयलर बसवतानाच ७५ वर ठेवलेला असतो आणि मालकाने ते बटण जन्मात फिरवलेलं नसतं. गॅस जळतो जास्त, दोष मात्र बॉयलरच्या कंपनीला.

ओसरी, एक करा. जरा कडाक्याची थंडी पडली की एक-दोन दिवस बॉयलरचं पाणी ५० वर आणा आणि हीटिंग दिवसभर चालू ठेवा. कुठली खोली मागे पडते ते बघा. दोनच दिवस, कारण सिलिंडरमध्ये साठवलेलं पाणी अधूनमधून ६० ला तापवावं लागतं, नाहीतर लीजिओनेलाचे जंतू वाढतात.

चुलीवरची
ते 'गॅसचं कनेक्शनच बंद केलं तर' फार सहज लिहिलंत हो! फुलके कशावर फुगवायचे? भरताचं वांगं कशावर भाजायचं? इंडक्शनवर भाकरी पापुद्रा धरत नाही, मी करून बघितलंय. हॉबसाठी गॅस ठेवला की स्थिर आकार आलाच, मग तुमची बरोबरी मोडली.

खटपट्या
ताई, वांग्यापुढे माझा इलाज नाही. हॉब ठेवलात तर वर्षाला शंभरेक पौंड भरिताच्या खात्यावर मांडा.

म्युनिककर
आमच्या नव्या इमारतीत जमिनीखालून नळ्या आहेत, पाणी जेमतेम ३५ अंशांचं. पायाला ऊब छान लागते. पण सकाळी वाढवलेली उष्णता संध्याकाळी जाणवते, त्यामुळे 'जरा वाढव गं' हा प्रकार संपला. जुन्या घराच्या लाकडी जमिनी उखडून हे करायला मी तरी सांगणार नाही.

सदाशिवपेठी
आम्ही गीझरवाले गुपचूप वाचतोय. चालू द्या.

टेम्सकाठची
मी तुमच्याच गावची. पैशांचं सगळे बोलले, पाण्याचं कोणीच बोलत नाही. आपल्याकडे पाणी जड, केटलीत पांढरा थर बसतो तो रोज बघताच. तोच थर कॉम्बीच्या आतल्या पाणी तापवणाऱ्या पत्र्यांमध्ये बसतो. आमच्याकडे काही वर्षांतच शॉवर कोमट यायला लागला, पत्र्यांचा अख्खा संच बदलावा लागला. दुसरं म्हणजे उन्हाळ्यात सासू-सासरे येतात. त्यांना बादली लागते. ३० किलोवॉटचा कॉम्बी मिनिटाला बारा लिटर गरम पाणी देतो, म्हणजे एक बादली सव्वा-दीड मिनिटात भरते, उत्तम. पण त्याच वेळी दुसऱ्या बाथरूममध्ये कोणी शॉवर सोडला की आतून आरडाओरडा. सिलिंडर काढू नका. सुटकेसा लॉफ्टमध्ये टाका.

तिरफळ
मग सिलिंडर ठेवून साधा बॉयलर बदला! तोही पर्याय आहेच की. पंपच कशाला?

खटपट्या
चालेल, वाईट नाही. पण मग ३५ किलोवॉट कशाला हवा? तो आकडा आंघोळीच्या पाण्यासाठी काढलेला असतो. ऐन थंडीत अशा घराला सहा-आठ किलोवॉट पुरतात. नाकापेक्षा मोती जड झाला की बॉयलर दर पाच मिनिटांनी पेटतो-विझतो आणि लवकर म्हातारा होतो. सिलिंडर ठेवणार असाल तर १५ च्या आतबाहेरचा बघा.

ओसरी
सगळ्यांचे आभार. परवा रात्री बाहेर उणे दोन होतं, सांगितल्याप्रमाणे पाणी ५० वर आणलं. बैठक आणि पुढच्या दोन्ही खोल्या १९ वर टिकल्या. मागची मुलीची खोली मात्र साडेपंधराच्या वर सरकेना. तिथला रेडिएटर एकाच पत्र्याचा आहे, तोही पलंगामागे दडलेला. दोन्ही कोटेशनवाल्यांना फोन करून विचारलं, खोलीवार उष्णतेची गळती मोजलीत का? कॉम्बीवाला म्हणाला, तीस वर्षं हेच काम करतोय, बघितलं की कळतं. पंपवाल्याने कागद पाठवला. त्यात मागच्या खोलीसाठी दोन पत्र्यांचा रेडिएटर धरलाय, पण भिंतीची पोकळी भरलेली आहे असं गृहीत धरून.

खटपट्या
म्हणजे कागद आहे, पण चुकीच्या घराचा. आधी पोकळी भरून घेता येते का ते तपासा. भिंतीवर पावसाचा मारा थेट असेल आणि ओल येत असेल तर भरू नका. मग पंपवाल्याकडून आकडेमोड नव्याने करून घ्या आणि एका युनिट विजेमागे किती युनिट उष्णता मिळेल, त्याची वर्षाची सरासरी लेखी मागा. अनुदानासाठी त्याला एमसीएस प्रमाणपत्र (पंप बसवणाऱ्यांच्या कामाच्या दर्जाचं) लागतंच, आणि त्या नियमांप्रमाणे हा अंदाज देणं त्याच्यावर बंधनकारक आहे.

तिरफळ
लेखी तीनच्या खाली आलं तर बॉयलर. आणि कॉम्बीवाल्या त्या तीस वर्षांच्या नजरेवाल्याला दोन्हीकडून वगळा, एवढं तरी माझं ऐका.

चुलीवरची
हॉबचं काय ठरलं?

ओसरी
हॉब राहतोय. तो मुद्दा घरात चर्चेलाच आला नाही.