मदत हवी आहे: मुलगा विचारतो, "८० सामन्यांची बंदी, मग शिक्षा कुठे आहे?"

नमस्कार मंडळी,

विषय बेसबॉलचा आहे, पण सध्या आमच्या स्वयंपाकघरात पेटलाय म्हणून इथे आले. मला क्रिकेट कळतं. बेसबॉल म्हणाल तर मुलाच्या मॅचला घडीची खुर्ची टाकून बसण्याइतपतच. आम्ही सॅन डिएगोजवळ राहतो. मुलगा १५ वर्षांचा, शाळेच्या संघात पिचर (आपल्या बोलरसारखा, चेंडू टाकणारा) आहे.

गेल्या आठवड्यात त्याची बॅग धुवायला रिकामी केली तर तळाशी पावडरीचा डबा. विचारलं तर म्हणे संघातल्या मोठ्या मुलाने दिलाय, सगळेच घेतात, प्रोटीनसारखंच असतं. मागचं लेबल वाचलं तर निम्म्या घटकांचे उच्चार येईनात, आणि कशाचं प्रमाण किती ते कुठेच नाही, नुसतं 'प्रोप्रायटरी ब्लेंड'. माझा आवाज चढला. स्टेरॉइड, बंदी, आयुष्याचं वाटोळं, सगळं बोलून झालं. त्याने पूर्ण ऐकून घेतलं आणि शांतपणे विचारलं, "आई, टाटीसचं काय वाटोळं झालं?"

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: फर्नांडो टाटीस ज्युनियर हा इथल्या पाद्रेस संघाचा हिरो. ऑगस्ट २०२२ मध्ये क्लोस्टेबोल नावाच्या स्टेरॉइडसाठी सापडला. ८० सामने बंदी. गजकर्णाच्या औषधातून नकळत गेलं असं त्याचं म्हणणं. एप्रिल २०२३ मध्ये परत आला, आणि त्याच हंगामात क्षेत्ररक्षणाचा सगळ्यात मोठा मान, प्लॅटिनम ग्लोव्ह, घेऊन गेला. १४ वर्षांचा ३४ कोटी डॉलरचा करार होता तसाच आहे. आमच्या घरात त्याची जर्सी भिंतीवर आहे, मीच वाढदिवसाला आणलेली.

"८० सामने गेले, ३४ कोटी राहिले. गणित तूच शिकवतेस ना?" यावर मला खरंच उत्तर सुचलं नाही.

तर जाणकारांनी सांगा: हे ८० सामने ठरवलं कुणी? पगार कापतात की नाही? आजन्म बंदी असते म्हणतात, ती कुणाला झालीये का? आणि मुख्य म्हणजे मी त्याला काय सांगू? 'डबा फेकून द्या' एवढंच लिहू नका, तो माझ्या ताब्यात आहे, साबुदाण्याच्या डब्यामागे.

—

डावखुरा:

ताई, आधी पगाराचं. बंदीच्या काळातला पगार मिळत नाही. पण मुलाच्या गणितात एक गोम आहे. टाटीसच्या करारात पहिल्या वर्षांचा पगार कमी आणि पुढे चढत जाणारा आहे. तो सापडला ते अगदी सुरुवातीला, त्यामुळे कापला गेला तो लहान तुकडा. रॉबिन्सन कानो २०२० मध्ये दुसऱ्यांदा सापडला तेव्हा १६२ सामने म्हणजे अख्खा हंगाम गेला आणि २ कोटी ४० लाख डॉलर बुडाले. नियमाचं पुस्तक एकच, पण मार किती बसणार ते करारातलं कुठलं वर्ष चालू आहे त्यावर.

आणि हो, पैशापलीकडे एक कलम आहे ते मुलाला नक्की सांगा: बंदी लागलेल्या वर्षी प्लेऑफ (हंगामाच्या शेवटच्या बाद फेऱ्या) खेळता येत नाही. २०२२ ला पाद्रेस लीगच्या अंतिम फेरीपर्यंत गेले. टाटीसने ते सगळं बाहेरून पाहिलं.

आता कुणी ठरवलं. मालक आणि खेळाडूंची युनियन, दोघांनी वाटाघाटी करून. म्हणजे बोनस आणि पगारवाढ जशी टेबलावर ठरते तशीच शिक्षाही ठरलीये. मी १९९६ पासून सॅन फ्रान्सिस्कोच्या बे एरियात आहे, त्यामुळे हे सगळं डोळ्यांसमोर घडलं. १९९४ च्या खेळाडूंच्या संपाने वर्ल्ड सिरीजच (हंगामाची अंतिम लढत) रद्द झाली होती, लोक चिडून होते. १९९८ ला मॅग्वायरने ७० आणि सोसाने ६६ होमरन (आपल्या षटकारासारखे) मारले आणि रुसलेलं पब्लिक परत आलं. मॅग्वायरच्या लॉकरमध्ये एका पत्रकाराला अँड्रोची (स्टेरॉइडच्या जातीचं सप्लिमेंट) बाटली दिसली, तर लोक त्या पत्रकारावरच घसरले! अँड्रो तेव्हा दुकानात मिळायचं आणि बेसबॉलमध्ये चालायचं. २००१ ला आमच्या सॅन फ्रान्सिस्को जायंट्सच्या बॅरी बाँड्सने ७३ मारले. मी त्यातले काही मैदानात पाहिलेत, घसा बसेपर्यंत ओरडलोय. तेव्हा मेजर लीगमध्ये (बेसबॉलची सगळ्यात वरची लीग) चाचणीच नव्हती, आणि कुणाला नकोही होती. मला तरी कुठे हवी होती.

२००३ ला नाव न लावता नुसती पाहणी म्हणून चाचण्या घेतल्या. अट अशी, की पाच टक्क्यांपेक्षा जास्त सापडले तरच पुढच्या वर्षापासून कारवाई. सापडले. मग २००४ ला पहिल्या वेळेस नुसते उपचार, २००५ ला १० दिवस. त्याच मार्चमध्ये राफाएल पाल्मेरो हा नामवंत खेळाडू अमेरिकन काँग्रेससमोर बोट रोखून म्हणाला की मी स्टेरॉइड कधीच घेतलेलं नाही. ऑगस्टमध्ये १० दिवस त्यालाच लागले. एवढी शोभा झाल्यावर पुढच्या वर्षापासून ५०, १०० आणि तिसऱ्यांदा आजन्म असं झालं, आणि २०१४ पासून ८०, १६२, आजन्म.

आजन्म बंदी झालीये. हेनरी मेहिया, न्यूयॉर्क मेट्स संघाचा पिचर. एप्रिल २०१५ ते फेब्रुवारी २०१६, वर्षाच्या आत तीनदा सापडला. पुढे त्याला सशर्त परत घेतलं, पण मेजर लीगमध्ये तो पुन्हा दिसला नाही.

—

तालमीतला:

८० सामने म्हणजे अर्धा हंगाम! आपला नरसिंग यादव आठवतोय का? तीन वेळा महाराष्ट्र केसरी. २०१६ ला रिओत कुस्तीच्या तोंडावर क्रीडा लवादाने चार वर्षं बंदी घातली. जेवणात कुणीतरी मिसळलं असं तो सांगत राहिला, भारताच्या नाडाने (उत्तेजकविरोधी संस्थेने) मान्यही केलं होतं, पण लवादाने ऐकलं नाही. पैलवानाची चार वर्षं म्हणजे काय ते तालमीत विचारा. आणि या बेसबॉलवाल्यांना आठ महिन्यांत टाळ्या? गरिबाला एक न्याय आणि ३४ कोटीवाल्याला दुसरा.

—

खवचट_खापर:

आमच्याकडे कोकणात नायट्याला टाकळ्याचा पाला चोळतात. त्याने कुणाचे होमरन वाढल्याचं ऐकिवात नाही. (हलके घ्या.)

—

डावखुरा:

@तालमीतला, राग समजतो. पण फरक गरीब-श्रीमंताचा कमी आणि चौकटीचा जास्त आहे. ऑलिंपिकचे खेळ वाडाच्या (जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेच्या) नियमांखाली येतात, मेजर लीग त्यात नाही. इथे युनियन आहे, आणि तिला संशय घ्यायला कारणंही आहेत. रायन ब्रॉन या खेळाडूचं प्रकरण बघा, तो चाचणीत सापडला होता. २०११ ला नमुना घेणाऱ्या माणसाने तो शनिवारी कुरिअरला न देता घरी ठेवला. त्या मुद्द्यावर फेब्रुवारी २०१२ मध्ये ब्रॉन सुटला. तेव्हा त्याने त्या माणसावरच संशयाचं बोट ठेवलं. पुढच्याच वर्षी खेळाडूंना बंदी असलेली औषधं पुरवणाऱ्या फ्लोरिडातल्या बायोजेनेसिस दवाखान्याचं प्रकरण फुटलं आणि ब्रॉनने गुपचूप ६५ सामन्यांची बंदी पत्करली. त्या नमुनेवाल्याची फजिती मात्र आधीच होऊन गेली होती. मला या सगळ्या इतिहासात सगळ्यात जास्त संताप कशाचा येत असेल तर याचा. होमरनचे आकडे गेले खड्ड्यात.

—

औषधवाली:

हसण्याआधी एक गोष्ट. क्लोस्टेबोल काही देशांत खरोखर त्वचेच्या मलमांत असतं. टेनिसच्या यानिक सिनरच्या नमुन्यात २०२४ मध्ये तेच सापडलं, त्याच्या फिजिओने स्वतःच्या बोटाला लावलेल्या औषधातून मालिश करताना आल्याचं मान्य झालं, तरी शेवटी तीन महिने बसावं लागलं. आपला पृथ्वी शॉ २०१९ मध्ये खोकल्याच्या औषधापायी आठ महिने बाहेर होता. टाटीस खरं बोलत होता की नाही ते मी ठरवू शकत नाही, पण अंगात गेलं ती जबाबदारी खेळाडूची, हे सगळीकडे सारखंच.

आता ताई, डब्याचं. मी इथे फार्मसिस्ट आहे. अमेरिकेत सप्लिमेंट बाजारात येण्याआधी सरकार ते तपासून मंजूर करत नाही, औषधांचं असतं तसं नाही. त्यामुळे लेबलवर नसलेलं काहीतरी आत निघाल्याची उदाहरणं भरपूर आहेत, आणि 'ब्लेंड' म्हणून प्रमाण लपवलेलं असेल तर मी माझ्या घरात ते ठेवणार नाही. मेजर लीगच्या खेळाडूंनाही 'एनएसएफ सर्टिफाइड फॉर स्पोर्ट' हा शिक्का असलेलंच घ्या असं सांगितलेलं असतं. तो शिक्का बघा. नसेल तर लेबलचा फोटो काढून त्याच्या बालरोगतज्ज्ञाला आणि शाळेच्या ट्रेनरला दाखवा. फोटो मुलालाच पाठवायला लावा, तुम्ही पाठवू नका.

एक शारीरिक गोष्ट त्याला सरळ सांगा. १५ व्या वर्षी हाडं अजून वाढत असतात. खरं स्टेरॉइड त्या वयात गेलं तर हाडांची वाढीची टोकं लवकर बंद होऊ शकतात, म्हणजे उंची तिथेच थांबते. पिचरला हे पुरेसं आहे. चाचणी, बंदी वगैरे काही नसलं तरी.

—

डावखुरा:

मुलाच्या गणिताचं उत्तर राहिलंच. ताई, त्याला म्हणा, तुझं गणित बरोबर आहे. फक्त ते टाटीसचं आहे, तुझं नाही.

मेजर लीगचे करार हमीचे असतात. चाचणीत सापडला म्हणून संघाला करार मोडता येत नाही, वरून दंडही लावता येत नाही, लीगची शिक्षा तीच शिक्षा. त्यामुळे ज्याची सही आधीच झालीये त्याच्या बाजूने हिशेब बसतो. सहीच्या आधी सापडलेल्या पोराचं काय? मायनर लीगमध्ये (मेजरच्या खालची, होतकरू पोरांची) मेजरच्या आधीपासून, २००१ पासून चाचण्या आहेत. तिथे सापडलेल्यांची नावं बातमीत एका ओळीत येतात आणि संपतात. त्यांच्या जर्सी भिंतीवर लागत नाहीत, म्हणून तुमच्या मुलाला ते माहीत नाहीत.

आणि एक शिक्षा कुठल्याच करारात लिहिलेली नाही. बाँड्सचे ७६२ होमरन, इतिहासात सगळ्यात जास्त, पण स्टेरॉइडचा संशय कायमचा चिकटलेला. हॉल ऑफ फेमसाठी (बेसबॉलमधल्या महान खेळाडूंचा कायमचा मान) ७५ टक्के मतं लागतात. दहाव्या आणि शेवटच्या वर्षी, २०२२ ला, त्याला ६६ टक्के मिळाली. चाचणीत सापडल्याबद्दल बेसबॉलने त्याला एका सामन्याचीही बंदी कधी घातली नव्हती.

—

धागाकर्ती:

सगळ्यांचे मनापासून आभार. अपडेट देते.

लेबलचा फोटो त्यानेच ट्रेनरला पाठवला. शिक्का नव्हता. ट्रेनरने कुणी दिला वगैरे काही न विचारता एवढंच लिहिलं की हे घेऊ नकोस. डबा मी टाकणार होते, तर तो म्हणाला परत करतो, त्याचे पैसे गेलेत. मी गप्प बसले. उंचीचा मुद्दा मात्र बरोबर लागला. संध्याकाळी दाराच्या चौकटीवर पेन्सिलची नवीन खूण होती.

हमीच्या कराराचं सांगितल्यावर बराच वेळ बोलला नाही. मग मायनर लीगच्या बंदीच्या बातम्या स्वतःच शोधत बसला. एक नाव वाचून म्हणाला, "हा १९ वर्षांचा आहे." जर्सी भिंतीवरच आहे. काढ म्हटलं नाही, त्यानेही काढली नाही.

पण बाँड्सचं ऐकून नवा प्रश्न आलाय. म्हणतो, त्याच २०२२ मध्ये डेव्हिड ऑर्टिझ हा खेळाडू पहिल्याच वर्षी हॉल ऑफ फेममध्ये गेला, आणि २००३ च्या त्या निनावी चाचण्यांत सापडलेल्यांच्या यादीत त्याचं नाव असल्याचं छापून आलं होतं. बंदी दोघांनाही नाही. मग एक आत आणि एक बाहेर का? मी म्हटलं, ऑर्टिझ हसरा होता, बाँड्स पत्रकारांशी तुसडा वागायचा, आणि मतं पत्रकार देतात. तो म्हणाला, "हे उत्तर आहे?"

डावखुरा, शनिवारी मॅच आहे, त्याच्या आधी काही सुचलं तर लिहा.