सोळा मजूर, एक नट आणि आपलं रडणं

कोरडवाहू (मूळ पोस्ट)
आज ८ मे. २०२० साली याच तारखेला पहाटे औरंगाबाद जिल्ह्यात करमाडजवळ सटाणा शिवारात, लॉकडाऊनमध्ये जालन्याहून गावाकडं चालत निघालेले आणि रुळांवर झोपलेले सोळा मजूर मालगाडीखाली गेले. त्याच्या नऊ दिवस आधी इरफान खान गेला, दुसऱ्या दिवशी ऋषी कपूर. त्या दोघांसाठी लोकांची स्टेटसं भरून वाहिली. आता त्या सोळांपैकी एकाचं तरी नाव सांगा. येत नाही ना? मग मान्य करा, आपल्याला माणूस गेल्याचं वाईट वाटत नाही, मोठेपणा गेल्याचं वाटतं. ढोंगी आहोत सगळे.

गोदाकाठ
दरसाल मे महिना आला की हा 'ढोंगी' शब्द तोंडावर फेकला जातो, म्हणून या खेपेला सविस्तर लिहितो.

दुःख ओळखीतून येतं, आकड्यातून नाही. ओळख एकतर्फी असली तरी मनाला त्यानं फरक पडत नाही. हॉर्टन आणि वोल या संशोधकांनी १९५६ मध्येच हे मांडलं होतं. पडद्यावरचा माणूस वर्षानुवर्षं घरात येत राहतो, त्याच्या लकबी पाठ होतात, पुढं काय बोलेल याचा अंदाज येतो. आपल्याला तो ओळखीचा वाटतो, त्याला आपण नसतो. इरफाननं मार्च २०१८ मध्ये आजार स्वतः जाहीर केला. पुढं दोन वर्षं लोक त्याच्या उपचारांच्या बातम्या वाचत होते. आधी काळजी, मग आशा, मग पुन्हा काळजी आणि शेवटी ती बातमी. घरातल्या दुखणेकऱ्याबाबत मन ज्या पायऱ्या उतरतं त्याच या. म्हणून ते दुःख खोटं नव्हतं.

त्या सोळा जणांची आणि आपली पहिली भेटच मुळी 'सोळा' अशी झाली. आकड्यासाठी हळहळतात, रडत नाहीत. याला दोष म्हणायचा तर म्हणा, ढोंग म्हणू नका.

जुना_मोंढा
गोदाकाठ साहेब, ओळख आकाशातून पडते का? कुणीतरी ती करून देतं. मजुरांची नावं तेव्हाच कळली होती. मागं वाचलेले सोबती होते आणि मृतदेह मध्य प्रदेशात शहडोल-उमरियाला पाठवायचे तर यादी लागतेच. पण ध्यानात काय राहिलं? रुळांवर पडलेल्या पोळ्यांचा फोटो. पोळ्या ओळखीच्या झाल्या, माणसं नाही झाली.

रोजचंच घ्या. अपघाती मरणाची ठाण्यात आकस्मात मृत्यू म्हणून नोंद होते, पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १७४ खाली, आता नव्या संहितेत १९४. त्या नोंदीवरून बातमीत तीन गोष्टी येतात: नाव, वय, राहणार. तो ऊसतोडीला जायचा का, बँड वाजवायचा का, ते कुणी विचारत नाही. 'दुचाकीस्वार ठार' वाचून कोण रडणार आणि का रडावं?

मांजराकाठ
ओळखीशिवाय रडत नाहीत म्हणता, मग किल्लारीचं काय करायचं? ३० सप्टेंबर १९९३, गणपती बुडवून लोक नुकते झोपलेले, पहाटे चारच्या सुमारास. जवळपास दहा हजार माणसं गेली. कुणीच प्रसिद्ध नव्हतं. तरी सगळ्या महाराष्ट्रातून कपडे, धान्य, डॉक्टर आले. तुमच्या सिद्धान्तात हे कुठं बसतं सांगा.

गोदाकाठ
बसतं. तिथं चेहऱ्याचं काम गावाच्या नावानं केलं. किल्लारी म्हटलं की पुरे. शिवाय मरण्याचं कारण प्रत्येकाला स्वतःच्या घरात दिसत होतं: मातीत रचलेल्या दगडांच्या जाडजूड भिंती, वर माळवदाचा मणामणाचा थर. तसलंच घर अर्ध्या मराठवाड्याचं होतं. लोक दुसऱ्यासाठी रडले तितकेच स्वतःच्या छताकडे बघून रडले.

मांजराकाठ
म्हणजे परकं मरण आपल्यावर शेकण्यासारखं असलं की ते परकं राहत नाही. बरं, तेवढं दिलं तुम्हाला. पण मग मजुरांचं मरण जालन्यातल्या दर कामगाराला आपलं वाटायला पाहिजे होतं. त्याला वाटलं असेलच. स्टेटस ठेवणारे वेगळे आणि चालत निघालेले वेगळे, इतकंच.

परळी_वैजनाथ
तुम्ही सगळे नटावरच अडकून बसलाव. आमच्याकडं ३ जून २०१४ ला काय झालं ते विसरलाव का? मुंडे साहेबांनी २६ मे ला शपथ घेतली अन् आठ दिवसांत दिल्लीत अपघात. दुसऱ्या दिवशी परळीत पाय ठेवायला जागा नव्हती. हे काय टीव्हीवरच्या ओळखीनं झालं का? दिल्लीत फोन उचलणारा आपला माणूस गेला, हे दुःख होतं. नगर-बीड-परळी रेल्वेचं काय होणार हे दुःख होतं. नेता जातो तवा माणसाला स्वतःची अडलेली कामं दिसायलेली असतात.

जुना_मोंढा
वा! म्हणजे शिफारस गेली म्हणून रडले. कोरडवाहूंनी 'मोठेपणा गेल्याचं दुःख' म्हटलं ते तुम्हीच सिद्ध केलंत.

परळी_वैजनाथ
तोंड सांभाळून बोला. बापासाठी रडणाऱ्याला 'कमावता गेला म्हणून रडतो' असं म्हणतेत का कुणी? दोन्ही असतंय एका वेळी.

सज्जा_क्रमांक_७
रडण्याची प्रतवारी लावायलाच बसलात तर सरकारची पण बघा. शेतकरी शेतात वीज पडून गेला तर आपत्तीच्या निधीतून ४ लाख. साप चावून गेला तर मुंडे साहेबांच्याच नावाच्या अपघात योजनेतून २ लाख, वय १० ते ७५ मध्ये पाहिजे, प्रस्ताव ३० दिवसांत तालुका कृषी अधिकाऱ्याकडं. आणि आत्महत्या केली तर त्या योजनेतून काहीच नाही. त्याला वेगळी मदत, १ लाख, तीही 'पात्र' ठरला तर. ३० हजार हातात, ७० हजार ठेवीत. ही रक्कम २००५ पासून तिथंच आहे.

मांजराकाठ
अपात्र कशानं होतात एवढे?

सज्जा_क्रमांक_७
पात्र ठरायला कारणं ठरलेली: नापिकी, बँकेच्या, सोसायटीच्या किंवा परवानाधारक सावकाराच्या कर्जाची थकबाकी, आणि वसुलीचा तगादा. या कारणांना कागद लागतो. सातबारा, आठ-अ, सोसायटीच्या गटसचिवाचा थकबाकी दाखला, बँकेची नोटीस, पंचनामा, शवविच्छेदन अहवाल. खरी मेख दोन ठिकाणी. एक, कर्ज गावातल्या बिनपरवाना सावकाराचं असतं, त्याची पावतीच नसते. दोन, बटईनं कसणाऱ्याचं नाव सातबाऱ्यावर नसतं. वर व्हिसेरा, म्हणजे तपासणीसाठी काढलेले आतले अवयव, राखून ठेवला असला की त्याचा अहवाल येईपर्यंत महिने जातात आणि प्रकरण 'चौकशीवर प्रलंबित' म्हणून पडून राहतं. निर्णय जिल्हाधिकाऱ्यांच्या समितीत. २०२३ या एका वर्षात मराठवाड्याच्या आठ जिल्ह्यांत हजारावर शेतकरी आत्महत्येनं गेले. त्यातल्या कुणासाठी दिवा लावायचा, तेही समितीच ठरवणार का?

कोरडवाहू
हेच म्हणतोय मी! छापा ना या हजारांची नावं, फोटो, मागं राहिलेल्या लेकरांचे चेहरे, शेवटची चिठ्ठी. मग बघू लोक नटासाठी रडतात का यांच्यासाठी.

पैठण_गेट
थांबा. चिठ्ठी आणि पद्धत अजिबात नाही. मोठ्या प्रमाणावरचं दुःख निरुपद्रवी नसतं. १९९७ मध्ये डायनाच्या अंत्यविधीनंतरच्या महिन्यात इंग्लंड-वेल्समध्ये आत्महत्या १७ टक्क्यांनी वाढल्या, आणि ती तर अपघातात गेली होती. तिच्याच वयाच्या आसपासच्या बायकांमध्ये वाढ सगळ्यात जास्त. आपल्यासारखंच कुणी गेलं की मन त्याच्या जागी जाऊन उभं राहतं. म्हणून प्रेस कौन्सिलनं २०१९ मध्ये नियम स्वीकारले: बातमी ठळक जागी नको, पद्धत नको, ठिकाण नको, सनसनाटी मथळा नको, फोटो नको. ज्या जागतिक आरोग्य संघटनेच्या सूचनांवर ते बेतलेत त्यात चिठ्ठी नको, 'कर्जाला कंटाळून' असं एकच कारण नको आणि खाली मदतीचा क्रमांक द्या, हेही आहे. सरकारच्या 'टेलिमानस' या मानसिक आरोग्य सेवेचा १४४१६ आहे, फुकट, मराठीत बोलतात.

कोरडवाहू
छान. नटाचं आयुष्य चार पानं छापायचं आणि शेतकऱ्याचं नावसुद्धा झाकायचं. नियम पण गरिबालाच.

पैठण_गेट
नियम नटालाही तोच आहे. जून २०२० मध्ये सुशांतसिंहच्या वेळी वाहिन्यांनी तो पायदळी तुडवला, हा वाहिन्यांचा गुन्हा. आणि शेतकऱ्याचं आयुष्य छापायला कुणी अडवलंय? चार एकरांत काय पेरलं होतं, सोयाबीन कितीला विकलं, कुठल्या सालापासून विमा आला नाही, हे लिहा की. मरण लिहायचं म्हणजे शेवटची दहा मिनिटं लिहायची, हे तुमच्या डोक्यातून काढा.

गोदाकाठ
हे मात्र मी मांडलं त्याहून पुढचं आहे. ओळख मरणाच्या दिवशी करून देऊन भागत नाही, ती आधीची लागते. इरफानची तीस वर्षांची होती.

जुना_मोंढा
अखेर साहेब कुणाचं तरी ऐकले. आज पाऊस पडणार.

परळी_वैजनाथ
सज्जा भाऊ, बाकीच्यांचं रडगाणं चालू द्या. बिनपरवाना सावकाराचं कर्ज असंल तर घरच्यांनी करायचं काय, ते सांगा.

सज्जा_क्रमांक_७
२०१४ च्या सावकारी कायद्याखाली तालुक्याच्या सहकारी संस्थांच्या सहायक निबंधकाकडं लेखी तक्रार द्या. कोरे धनादेश, इसारपावती, मोबाईलवरून पाठवलेल्या पैशांच्या नोंदी, जे असंल ते जोडा. जमीन सावकाराच्या नावावर खरेदीखतानं गेली असली तर तेही लिहा, चौकशीत सावकारी निघाली की ते खत रद्द होऊ शकतं. पोच घेतल्याशिवाय टेबल सोडू नका. त्या पोचेची प्रत तहसीलच्या फाईलला लावा, नाहीतर समितीपुढं 'कर्ज आढळले नाही' एवढीच ओळ जाते.

कोरडवाहू
ठीक आहे, ढोंगी शब्द मागं घेतो. आळशी लिहितो त्याजागी.